विश्लेषण : दर ख्रिसमसला तेच कार्टून, तोच चित्रपट! पण ही परंपरा आता कोणाच्या हातात?

पाच दशकांहून अधिक काळ अमेरिकेत टीव्हीला अँटेना जोडला की ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ फुकट दिसत असे. २०२२ पासून ते मोफत वाहिन्यांवर दिसत नाही. त्याच वेळी १९६४ चा ‘रुडॉल्फ’ मात्र पहिल्या प्रसारणानंतर ६० वर्षांनी आपल्या मूळ वाहिनीवर परतला आहे. ‘ख्रिसमस स्पेशल’ ही परंपरा कशी तयार झाली, ती टिकली कशी आणि स्ट्रीमिंगच्या काळात तिचे काय होत आहे, याविषयी...

वाद कशावरून पेटला?

ऑक्टोबर २०२०. करोनामुळे अमेरिकेतील बहुतेक कुटुंबे घरात अडकलेली. अशा वेळी ॲपलने जाहीर केले की, चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या कार्टूनपट्टीवर आधारलेले सगळे सणासुदीचे कार्यक्रम यापुढे ॲपलच्या स्ट्रीमिंग सेवेवरच दिसतील. त्यात ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ही होते. १९६५ मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झालेला आणि २००१ पासून एबीसीवर दिसणारा हा कार्यक्रम पहिल्यांदाच मोफत टीव्हीवरून उतरणार होता.

ॲपलने काही दिवस तो विनाशुल्क दाखवण्याची तयारी दर्शवली होती. तरीही लोक भडकले. तो टीव्हीवर परत आणावा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर अडीच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. अखेर ॲपलने पीबीएस या सार्वजनिक प्रसारण सेवेशी करार केला आणि १३ डिसेंबर २०२० रोजी कार्यक्रम जाहिरातींशिवाय मोफत दिसला. पुढच्या वर्षीही तसेच झाले. २०२२ मध्ये मात्र हा करार पुढे गेला नाही. तेव्हापासून डिसेंबरमधले मोजके दिवस सोडले, तर हा कार्यक्रम पाहण्यासाठी सदस्यत्व लागते.

अर्ध्या तासापेक्षाही छोट्या, ५५ वर्षे जुन्या कार्टूनसाठी एवढा गदारोळ का व्हावा? हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

‘ख्रिसमस स्पेशल’ म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या मालिकेचा भाग नसलेला, खास सणासाठी बनवलेला आणि वर्षातून एकदाच दाखवला जाणारा कार्यक्रम म्हणजे ‘स्पेशल’. १९६० च्या दशकात अमेरिकेत सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीनच मोठ्या वाहिन्या होत्या. घरोघरी व्हिडीओ रेकॉर्डर नव्हते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसला नाहीत, तर थेट पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायचे. लहान मुलासाठी एक वर्ष म्हणजे केवढा काळ! त्यामुळे वर्तमानपत्रातले वेळापत्रक पाहून तो दिवस लक्षात ठेवणे, त्या संध्याकाळी लवकर जेवून घेणे हादेखील सणाचा भाग झाला.

या कार्यक्रमांचा खर्च उचलत होत्या मोठ्या कंपन्या. सणाच्या खरेदीच्या हंगामात आख्खे कुटुंब एकाच पडद्यासमोर बसते, हे त्यांना नेमके कळले होते. म्हणजे आज ज्याला निखळ परंपरा मानले जाते, तिचा जन्म जाहिरातीच्या गणितातून झाला आहे.

रुडॉल्फ : जन्मच जाहिरातीतून

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लाल नाकाचा रेनडिअर रुडॉल्फ. ही कोणतीही जुनी लोककथा नाही. माँटगोमेरी वॉर्ड या दुकानांच्या साखळीने ग्राहकांच्या मुलांना मोफत वाटण्यासाठी एक पुस्तिका काढली होती. त्यासाठी कंपनीतलेच कर्मचारी रॉबर्ट मे यांनी १९३९ मध्ये हे पात्र रचले. दहा वर्षांनी जॉनी मार्क्स यांच्या गाण्यामुळे ते घराघरांत पोहोचले.

६ डिसेंबर १९६४ रोजी एनबीसीवर ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हा कार्यक्रम पहिल्यांदा दिसला. प्रायोजक होती जनरल इलेक्ट्रिक. हा कार्यक्रम स्टॉप मोशन पद्धतीने बनवला होता. बाहुली किंचित हलवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, पुन्हा छायाचित्र. अशी हजारो छायाचित्रे सलग दाखवली की बाहुली चालू-बोलू लागते. निर्मिती रँकिन-बास या अमेरिकी कंपनीची असली, तरी बाहुल्यांचे हे किचकट काम झाले टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. आवाजांचे ध्वनिमुद्रण झाले कॅनडातील टोरांटोत. अमेरिकी ख्रिसमसचे प्रतीक ठरलेला हा कार्यक्रम असा तीन देशांत मिळून तयार झाला.

पहिल्या प्रसारणानंतर एक गंमत घडली. कथेत कोणालाच नको असलेल्या खेळण्यांचे एक बेट आहे. रुडॉल्फ त्यांना सोडवण्याचे वचन देतो, पण १९६४ च्या आवृत्तीत ते पूर्ण होताना दिसत नाही. प्रेक्षकांनी पत्रे लिहून तक्रार केली. त्यामुळे १९६५ मध्ये सांताक्लॉज ती खेळणी घेऊन जातो, असे दृश्य जोडण्यात आले. लोकांनी या कार्यक्रमावर पहिल्याच वर्षी हक्क सांगितला होता!

चित्रीकरणातल्या रुडॉल्फ आणि सांताच्या दोन बाहुल्या २०२० मध्ये लिलावात ३ लाख ६८ हजार डॉलरना विकल्या गेल्या.

चार्ली ब्राऊन : वाहिनीला न आवडलेला कार्यक्रम

९ डिसेंबर १९६५ रोजी सीबीएसवर आलेला ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ कोका-कोलाने प्रायोजित केला होता. निर्माते ली मेंडेलसन आणि ॲनिमेटर बिल मेलेंडेझ यांना त्यासाठी जेमतेम सहा महिने मिळाले. त्यांनी त्या काळातले बरेच संकेत मोडले. मुलांच्या पात्रांना मोठ्या कलाकारांऐवजी मुलांचेच आवाज दिले. विनोदानंतर ऐकू येणारे कृत्रिम हसणे ठेवले नाही. संगीत दिले व्हिन्स ग्वाराल्डी यांनी, तेही जॅझ. शेवटी लायनस हे पात्र बायबलमधील ल्यूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा उतारा म्हणते. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये असा उतारा घ्यावा का, याबद्दल निर्मात्यांच्या मनात शंका होती. शुल्झ मात्र त्यावर ठाम राहिले.

सीबीएसच्या अधिकाऱ्यांना तयार कार्यक्रम संथ वाटला. पण प्रसारणाची तारीख तोंडावर आली होती, त्यामुळे तो दाखवावाच लागला. दुसऱ्या दिवशी चित्र पालटले. दीड कोटींहून अधिक घरांत तो पाहिला गेला होता. पुढे त्याला एमी आणि पीबडी हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले.

यातला विरोधाभास मजेशीर आहे. सणाचा बाजार झाला म्हणून चार्ली ब्राऊन उदास आहे. दिखाऊ ॲल्युमिनियमच्या झाडांमधून तो एक मरतुकडे, पण खरे रोपटे निवडतो. आणि ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवली ती शीतपेयाच्या कंपनीने. मूळ प्रसारणात कोका-कोलाचे नाव कथेच्या दृश्यांमध्येच गुंफले होते. नंतरच्या वर्षांत ते काढून टाकण्यात आले.

पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर १९६६ रोजी, डॉ. स्यूस यांच्या पुस्तकावरचे ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ आले. दिग्दर्शक होते चक जोन्स आणि निवेदन भयपटांतील अभिनेते बोरिस कार्लॉफ यांचे. १९६९ मध्ये ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’ आले. म्हणजे आजही दाखवली जाणारी ही चार स्पेशल्स केवळ पाच वर्षांत तयार झाली आहेत. अर्थात प्रत्येक प्रयोग जमला असे नाही. १९७८ चे ‘स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल’ अमेरिकी टीव्हीवर एकदाच दिसले. नंतर वाहिनीने ते पुन्हा दाखवले नाही.

एका चुकीमुळे अजरामर झालेला चित्रपट

परंपरा मालकीमुळे नव्हे, तर मालकी सुटल्यामुळेही तयार होते. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) हे त्याचे उदाहरण. ऑस्करची पाच नामांकने मिळूनही तिकीटबारीवर या चित्रपटाने निराशा केली आणि तो विस्मरणात गेला.

त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार कॉपीराइट आधी २८ वर्षांसाठी मिळत असे. मुदत संपताना अर्ज करून त्याचे नूतनीकरण करावे लागे. १९७४ मध्ये हक्कधारक कंपनीकडून ते राहून गेले आणि चित्रपट सार्वजनिक मालकीत आला, असे मानले जाऊ लागले. डिसेंबरमध्ये वेळ भरून काढायला काहीतरी हवे असलेल्या स्थानिक वाहिन्यांना तर घबाडच मिळाले. पुढची जवळपास वीस वर्षे हा चित्रपट सणाच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक वाहिनीवर, कधी एकाच संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी दिसत राहिला. पडेल चित्रपट असा राष्ट्रीय ठेवा बनला. ‘होम अलोन’मध्ये (१९९०) पॅरिसला गेलेले कुटुंब टीव्हीवर हाच चित्रपट फ्रेंचमध्ये पाहताना दिसते.

मग चक्र उलटे फिरले. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रिअर विंडो’ चित्रपटाच्या खटल्यात मूळ कथेच्या हक्कांना बळ देणारा निकाल दिला. त्याआधारे रिपब्लिक पिक्चर्सने १९९३ मध्ये दावा केला की, चित्रपटाचा कॉपीराइट गेला असला, तरी त्यामागच्या कथेचे आणि संगीताचे हक्क आपल्याकडे आहेत. म्हणजे चित्रपट फुकट, पण कथेविना तो दाखवणार कसा? १९९४ पासून तो एनबीसीवरच, वर्षातून मोजक्या वेळा दिसू लागला.

‘रुडॉल्फ’च्या बाबतीतही अशीच एक चूक झाली आहे. श्रेयनामावलीत वर्ष रोमन आकड्यांत लिहिताना दुसरा ‘एम’ गळला आणि १९६४ ऐवजी ११६४ छापले गेले. कॉपीराइटची सूचना अचूक असणे तेव्हा बंधनकारक होते. त्यामुळे या कार्यक्रमाच्या हक्कांवर प्रश्नचिन्ह आहे. पण पात्र आणि गाणी यांचे हक्क वेगळे आणि शाबूत असल्याने तो कोणालाही सरसकट वापरता येत नाही.

इतर देशांत काय पाहतात?

प्रत्येक देशाने आपली परंपरा घडवली आहे आणि ती अनेकदा योगायोगाने घडली आहे.

स्वीडन : २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता देश थांबतो आणि डोनाल्ड डक पाहतो. डिस्नेने १९५८ मध्ये अमेरिकेसाठी बनवलेला हा कार्यक्रम स्वीडनमध्ये १९६० च्या सुमारापासून दाखवला जातो. आधी स्टुडिओत निवेदक मेणबत्ती पेटवतो, मग जुन्या कार्टूनचे तेच तुकडे सुरू होतात. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या या देशात अनेक वर्षे ३० लाखांहून अधिक लोक तो पाहत आले आहेत. डिसेंबर १९६९ पर्यंत तिथे एकच वाहिनी होती, हे त्यामागचे एक साधे कारण.

नॉर्वे : २४ तारखेच्या सकाळी १९७३ चा चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीचा सिंड्रेलापट लागतो. त्यातली राजकन्या, सावत्र आई, राजपुत्र असे सगळे संवाद क्नुट रिसान या एकाच पुरुषाच्या आवाजात आहेत. नॉर्वेच्या लोकांना तो तसाच हवा असतो.

पोलंड : पोलसॅट वाहिनीवरील ‘होम अलोन’शिवाय नाताळ होत नाही. २०१० मध्ये वाहिनीने तो न दाखवायचे ठरवले, तेव्हा हजारो लोकांनी फेसबुकवर निषेध केला आणि निर्णय फिरवावा लागला.

ब्रिटन : इथे जुन्या कार्यक्रमांपेक्षा लोकप्रिय मालिकांच्या नव्या ख्रिसमस भागांना महत्त्व. सोबत दुपारी तीनचे राजघराण्याचे भाषण, जे १९५७ पासून टीव्हीवर दिसते. ‘रेडिओ टाइम्स’चा जाड ख्रिसमस अंक आणून आवडत्या कार्यक्रमांभोवती पेनने गोल करणे, हा घरोघरचा विधी. १९८८ च्या ख्रिसमस अंकाच्या १ कोटी १२ लाखांवर प्रती खपल्या होत्या. १९८६ च्या ख्रिसमसला ‘ईस्टएंडर्स’ मालिकेच्या भागाला पुनःप्रक्षेपण धरून ३ कोटींवर प्रेक्षक मिळाले होते.

आणि ज्यात काहीच घडत नाही, असाही एक कार्यक्रम आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीने १९६६ च्या ख्रिसमसला तीन तास फक्त शेकोटीत जळणारे लाकूड दाखवले. कल्पना अशी की, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेकोटीची ऊब पडद्यावर तरी मिळावी. काही सेकंदांची तीच फिल्म पुन्हा पुन्हा फिरवली जात होती. चित्रीकरणात ठिणगी उडून महापौरांच्या निवासस्थानातला गालिचा जळाला होता म्हणतात. १९९० च्या सुमारास बंद झालेला हा कार्यक्रम २००१ मध्ये, न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला, लोकाग्रहास्तव परत आला.

स्ट्रीमिंगने नेमके काय बदलले?

इथे तांत्रिक फरक लक्षात घ्यायला हवा. टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघालेला सिग्नल शंभर घरांनी पकडला काय किंवा शंभर लाख घरांनी, वाहिनीचा प्रक्षेपणाचा खर्च बदलत नाही. त्यामुळे जितके प्रेक्षक जास्त, तितका फायदा. कार्यक्रम सर्वांना खुला असणे वाहिनीच्याच हिताचे होते.

स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक प्रेक्षकाच्या फोनपर्यंत किंवा टीव्हीपर्यंत स्वतंत्र डेटा जातो. कोण पाहतो, कुठे थांबतो, हे कंपनीला कळते. उत्पन्न मुख्यतः सदस्यत्वातून येते. मग जुन्या, लाडक्या कार्यक्रमाचे काम बदलते. एका संध्याकाळी गर्दी जमवणे हे त्याचे पूर्वीचे काम. आता ‘हे फक्त आमच्याकडे आहे’ असे सांगून नवा सदस्य आणणे हे त्याचे काम. म्हणून कंपन्या एकाधिकारासाठी पैसे मोजतात.

पूर्वी टंचाई वेळेची होती. कार्यक्रम एकदाच दिसायचा, पण सर्वांना दिसायचा. आता तो कधीही पाहता येतो, पण ज्याच्याकडे सदस्यत्व आहे त्यालाच. टंचाई घड्याळातून निघून पासवर्डमध्ये आली. याचा फटका ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट नाही अशा घरांना, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि दरमहा चार-पाच सेवांचे पैसे न परवडणाऱ्या कुटुंबांना जास्त बसतो. सणाचा हा एक भाग श्रीमंत-गरीब अशा दोन्ही घरांत सारखाच होता. तो तसा उरला नाही.

मग जुना काळच चांगला होता का?

तसे सरळ म्हणता येणार नाही. मोफत वाहिन्यांनीही जाहिरातींना जागा करण्यासाठी या कार्यक्रमांतली दृश्ये अनेक वर्षे कापली. स्ट्रीमिंगवर ते सलग आणि चांगल्या चित्रदर्जात दिसतात. शिवाय अमेरिकेबाहेरच्या अनेक प्रेक्षकांना आधी ते सहज मिळत नव्हते. भारतातून आज चार्ली ब्राऊन कायदेशीररीत्या पाहता येतो, तो स्ट्रीमिंगमुळेच.

आपल्याकडे ख्रिसमसच्या आठवड्यात इंग्रजी चित्रपटवाहिन्यांवर ‘होम अलोन’ लागणे, ही केबल टीव्हीच्या पिढीची ओळखीची गोष्ट आहे. पुन्हा पुन्हा लागणारा चित्रपट कसा सवयीचा होतो, हे ‘सूर्यवंशम’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ पाहत मोठ्या झालेल्यांना वेगळे सांगायला नको. वाहिनी बदलता बदलता मधूनच लागलेला प्रसंग बघत बसणे, पुढचा संवाद घरातल्या सगळ्यांनी एकत्र म्हणणे हे ॲपमध्ये शोधून लावलेल्या चित्रपटात सहसा होत नाही.

पुढे काय?

गंमत म्हणजे ठरलेल्या वेळेचे महत्त्व आता स्ट्रीमिंग कंपन्यांनाही पटू लागले आहे. २०२४ च्या ख्रिसमसला नेटफ्लिक्सने अमेरिकी फुटबॉलचे दोन सामने थेट दाखवले. प्रत्येकी सरासरी सुमारे २ कोटी ४० लाख अमेरिकी प्रेक्षक मिळाले. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ या मालिकेचा शेवटचा भाग बीबीसीवर सव्वा कोटी लोकांनी प्रसारणाच्या वेळीच पाहिला. ६ डिसेंबर २०२४ रोजी, पहिल्या प्रसारणाला बरोबर ६० वर्षे झाली त्या दिवशी, रुडॉल्फ एनबीसीवर परतला. १९७२ पासून तो सीबीएसवर होता.

म्हणजे एकत्र पाहण्याची हौस संपलेली नाही. प्रश्न तिचे दार कोण उघडते, हा आहे. सार्वजनिक प्रसारण सेवा मजबूत असलेल्या स्वीडन, नॉर्वेत हे दार अजून सर्वांसाठी उघडे आहे. अमेरिकेत ते दरवर्षीच्या करारावर अवलंबून आहे. चार्ली ब्राऊनचे हक्क कायद्याने कोणाकडे आहेत याबद्दल वाद नाही. पण तो दरवर्षी पाहून ज्यांनी त्याला मोठे केले, त्यांना आता तो मोफत पाहायचा असेल, तर डिसेंबरमधल्या त्या मोजक्या दिवसांच्या तारखा शोधून लक्षात ठेवाव्या लागतात. एका अर्थाने १९६५ सारखेच. फरक इतकाच की, तेव्हा तारीख सगळ्यांना माहीत असे.